पंपिंग कमी सांगितलंय? मोबाइलवर रोजची नोंद अशी सुरू करा

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढल्यावर डॉक्टर म्हणतात, "पंपिंग तीस टक्के आहे." गावात पोहोचेपर्यंत त्याचं "हार्ट फेल झालंय" झालेलं असतं आणि संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची रांग लागते. तेव्हा आधी एवढं ठरवून टाकू: हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. हृदय रक्त ढकलतंय, पण अंगाला पाहिजे तितकं ढकलत नाही. निरोगी माणसाच्या हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के बाहेर टाकतो. हा आकडा ४० किंवा त्याखाली आला की पंपिंग कमी झालं म्हणतात. काहींचं पंपिंग चांगलं असतं, पण हृदयाचा स्नायू ताठर होतो. त्यांनाही हाच आजार असू शकतो.

रक्त पुढे नीट गेलं नाही की मागे तुंबतं. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. ते पाणी पायांत, पोटात, शेवटी फुफ्फुसांत उतरतं आणि माणूस रात्री उठून बसतो. बऱ्याच जणांत हे एका रात्रीत होत नाही. पाणी काही दिवस साठत असतं आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे दम भरायच्या आधी पुष्कळदा वजनकाट्यावर कळतं. मधले हे जे दोन-चार दिवस हातात मिळतात, त्यांच्यासाठी रोजचं वजन, बीपी, लक्षणं आणि गोळ्या मोबाइलवर नोंदवायची ही सगळी खटपट.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा रुग्णांचे फोन लावून द्यायचं काम माझ्याकडे वारंवार येतं. बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. नातू ॲप उतरवून देतो, आजोबा आठवडाभर आकडे भरतात, ते आकडे कोणीच बघत नाही आणि मग ॲप फोनमध्ये पडून राहतं. ॲप म्हणजे घंटा लावलेली वही, त्याहून जास्त काही नाही. वहीतला आकडा वाचून हालचाल करणारा माणूस पाहिजे.

हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या टेली-एचएफ या चाचणीत रुग्णांनी रोज फोनवरच्या यंत्राला वजन आणि लक्षणं सांगायची होती. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक दिसला नाही. साधारण १४ टक्के लोकांनी ती सोय एकदाही वापरली नव्हती आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले होते. उलट जर्मनीतल्या १,५७१ रुग्णांच्या टिम-एचएफ२ चाचणीत, जिचा निकाल २०१८ मध्ये आला, आकडे बघायला चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले होते. तिथे अचानक दवाखान्यात भरती होण्यात किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले आणि मृत्यूही कमी झाले. रुग्ण वेगळे, यंत्रं वेगळी, हे मान्य. पण मला यातून एकच क्रम दिसतो: आधी माणूस, मग आकडे, मग यंत्रं आणि शेवटी ॲप.

आधी माणूस ठरवा

घरात कोण बघणार? उद्यमबागेत फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाणारा मुलगा फोन खिशात घालून निघून गेला, तर घरी आजोबांना आकडा भरायला फोनच नाही. रुग्णाचा स्वतःचा फोन नसेल, तर दिवसभर घरात राहणाऱ्या माणसाच्या फोनवर ॲप घ्या. सून, बायको, शाळेत जाणारी नात, कोणीही चालेल. नात असेल तर तिला शाळेला निघायच्या आधीची वेळ द्या.

दुसरा माणूस दवाखान्यातला. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत कोणी हे विचारत नाही, म्हणून सांगतो. वॉर्डातल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांच्या सहायकांना विचारा, "वजन वाढलं तर फोन कुठल्या नंबरवर करायचा? रविवारी कुठल्या?" नंबर फाइलवर लिहून घ्या. मोठ्या दवाखान्यात थेट नंबर मिळाला नाही, तर गावाजवळच्या फॅमिली डॉक्टरना भेटून फाइल दाखवा आणि "असं असं झालं तर तुमच्याकडे येऊ" असं आधीच बोलून ठेवा.

मग आकडे लिहून घ्या

डॉक्टरांकडून हे कागदावर पाहिजे:

- कोरडं वजन. म्हणजे सूज उतरल्यावर, अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. पुढचा सगळा हिशेब याच्यावरून.
- किती वाढलं तर फोन करायचा. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ ही खूण दिली आहे. तुमचे डॉक्टर यापेक्षा कमी आकडा सांगतील, तर त्यांचा आकडा धरा.
- बीपी आणि नाडी किती खाली गेली तर कळवायचं.
- पाणी मोजून प्यायचं का? सगळ्यांना बंधन नसतं. ज्यांना असतं त्यांना बहुधा दिवसाला दीड ते दोन लिटर सांगतात, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं.

हे आकडे ॲपमध्ये भरायची जागा असतेच असं नाही. नसेल तर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. ॲपमध्ये आधीपासून भरलेल्या मर्यादा बदलता येत असतील, तर डॉक्टरांनी दिलेल्या आकड्यांनी बदला. कंपनीने जगभरच्या माणसांसाठी ठेवलेली मर्यादा येळ्ळूरच्या ४८ किलोच्या आजीला लागू पडेलच असं नाही.

यंत्रं

वजनकाटा डिजिटल घ्या, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा. बीपीचं मशीन दंडावर पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. ऑक्सिमीटर कोरोनाच्या वेळचा घरात असेल तर असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ऑक्सिजन ९७ दाखवतंय म्हणून पायाची सूज खोटी ठरत नाही.

ब्लूटूथने फोनला जोडणारा महागडा काटा लागत नाही. हाताने आकडा भरला तर माणूस तो आकडा निदान बघतो तरी.

ॲप निवडताना

तुमच्या दवाखान्याचं स्वतःचं ॲप असेल आणि तिथे आकडे बघायला कोणी असेल, तर तेच घ्या. नसेल तर प्ले स्टोअरवर वजन, बीपी आणि गोळ्यांची नोंद ठेवणारं साधं ॲप पुरतं. घेताना एवढं तपासा.

इंटरनेट नसताना चालतं का? खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्हीचा भरवसा नसतो. विमानाचं चिन्ह असलेला मोड लावा आणि एक आकडा भरून बघा. घेतला तर ठीक.

आलेख किंवा यादी व्हॉट्सॲपवर पाठवता येते का? नाही आली तर स्क्रीनशॉट चालतो.

काय काय परवानगी मागतं? कॅमेरा समजू शकतो, सूचना दाखवायची परवानगी तर द्यावीच लागते. पण फोनमधले सगळे नंबर, एसएमएस किंवा बँकेचा ओटीपी वजनाची नोंद ठेवायला कशाला पाहिजेत? मागितले तर ॲप काढून टाका. "हृदय बरं करणारं" असं नावातच लिहिलेलं ॲप असेल तर उघडूही नका. आणि गोळीचा डोस स्वतःहून कमी-जास्त करायला सांगणारं ॲप, ज्याच्या मागे तुमचा दवाखाना नाही, ते कितीही तारे मिळवलेलं असो, आपल्या उपयोगाचं नाही.

भाषेचं म्हणाल, तर आपल्याकडे हा खराच त्रास आहे. फोन इंग्रजीत, काही सरकारी सोयी कन्नडमध्ये आणि आजोबा मराठी चौथी शिकलेले. फोनची भाषा मराठी केली की ज्या ॲपमध्ये मराठी आहे ते आपोआप मराठी दाखवतं. नसेल त्यात इंग्रजीच राहतं. तिथे माझा उपाय फार साधा आहे. ॲपच्या मुख्य पानाचा स्क्रीनशॉट कागदावर छापून आणायचा आणि प्रत्येक बटणाशेजारी पेनाने मराठी लिहायचं: हे वजन, हे बीपी, हे झालं म्हणून दाबायचं. आठवड्याभरात कागदाची गरज उरत नाही. लक्षणं लिहायची जागा असेल तिथे कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं तरी उमटतं.

घंटा वाजत नाही, ही पहिली तक्रार

"ॲप बिघडलंय, आठवण करत नाही" म्हणून जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेकांत ॲप ठीक असतं. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप बंद करून टाकतात आणि घंटाही त्यातच जाते. सेटिंग्ज उघडा, ॲप्समध्ये जा, ते ॲप निवडा, बॅटरीवर दाबा आणि "अनरिस्ट्रिक्टेड" किंवा "नो रिस्ट्रिक्शन्स" असं जे असेल ते निवडा. काही फोनांत "ऑटोस्टार्ट" नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. फोन सायलेंटवर असला तर घंटा नाही, हे सांगायला नको. पण देवळातून आल्यावर सायलेंट तसाच राहिलेले फोन मी पुष्कळ बघितलेत. अक्षरं मोठी करा. आणि घंटेची वेळ दवाखान्याच्या छापील वेळेप्रमाणे लावू नका, घराच्या वेळेप्रमाणे लावा. पाचला उठून धार काढणाऱ्या माणसाला आठची घंटा गोठ्यात ऐकू येणार नाही.

सकाळची दहा मिनिटं

उठा. लघवीला जाऊन या. चहा-पाणी काही घ्यायच्या आधी, रोज त्याच हलक्या कपड्यांत काट्यावर उभे राहा. काटा रोज त्याच जागी, टणक आणि सपाट फरशीवर पाहिजे. सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर ठेवलात तर काटा खोटं बोलतो. घरात फरशी नसेल तर एक जाड, सपाट लाकडी फळी नीट बसवून कायमची त्या जागेला ठेवा. खिशातली चंची काढून ठेवा, काठी टेकू नका, भिंतीला धरू नका. आकडा स्थिर झाला की मोठ्याने म्हणा आणि दुसऱ्याने लगेच भरावा. "नंतर भरतो" म्हटलं की तो आकडा गेला.

दशांश चिन्हाकडे लक्ष ठेवा. ६२.४ च्या जागी ६२४ गेलं तर ॲप लाल होतं आणि घर घाबरतं. ६२.४ च्या जागी ६४.२ गेलं तर त्याहून वाईट, कारण ते खरं वाटतं.

त्यानंतर बीपी. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून बसा. हात हृदयाच्या उंचीला काहीतरी आधार देऊन ठेवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. तंबाखूच्या गावांत हे शेवटचं सांगताना मला हसूच येतं, पण सांगतो. मिश्रीही त्यातच धरायची. खरं तर हृदयासाठी दोन्ही सुटलेलंच बरं. डॉक्टरांनी ते सांगितलं असेलच.

लक्षणांचे प्रश्न

ॲप विचारतं: आज दम लागला का? कमी, मध्यम, जास्त. इथे आपली माणसं "मध्यम"वर बोट ठेवून मोकळी होतात, रोज. अशा नोंदीचा उपयोग नाही. आपली मापं ठरवा.

चालण्याचं माप: घरापासून देऊळ, देवळापासून पाण्याची टाकी, टाकीपासून स्टँड. काल कुठवर न थांबता गेलो, आज कुठे टेकलो? कडोलीच्या एका काकांनी "वेशीपर्यंत", "पिंपळापर्यंत" आणि "पायरीपर्यंत" असे तीन शब्द ठरवले होते. डॉक्टरांना त्यातून जे कळलं ते "मध्यम"मधून कधीच कळलं नसतं.

झोपेचं माप: उशा किती? काल एक होती, आज दोन लागल्या, तर लिहा. आडवं झाल्यावर खोकला येतो का, मध्यरात्री श्वास कोंडून जाग आली का? जाग आली असेल तर सकाळच्या घंटेची वाट बघू नका, काय करायचं ते पुढे "ॲप लाल झालं तर" मध्ये आहे.

सुजेचं माप: नडगीच्या खालच्या भागावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून काढा. खड्डा राहतो का? काल घोट्याशी होता, आज नडगीवर चढला का? पायात पैंजण किंवा जोडवी घट्ट झाली, चप्पल बसेना, लुगड्याची गाठ पोटाला कचते, ही सगळी लिहिण्यासारखी लक्षणं आहेत. बायका ही आधी ओळखतात आणि शेवटी सांगतात.

गोळ्या, आणि सीमेवरची खास भानगड

ॲपमध्ये गोळ्यांची यादी भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. कारण आपण दोन राज्यांत दवाखाने करतो. अथणी, कागवाडचा माणूस मिरजेला जातो, निपाणी-संकेश्वरचा कोल्हापूरला, बाकीचे बेळगावला. आणि मधल्या ताप-सर्दीला गावातले डॉक्टर. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड इथल्या दुकानात मिळत नाही, दुकानदार त्याच औषधाचा दुसरा ब्रँड देतो. ठीक आहे. पण पुढच्या महिन्यात पहिला ब्रँड मिळतो आणि घरात दोन्ही पाकिटं होतात. मग माणूस दोन्ही घेतो, रंग वेगळा म्हणून औषध वेगळं समजून.

यावर उपाय एकच. ॲपमध्ये ब्रँडचं नाव लिहू नका. पाकिटावर लहान अक्षरांत जे मूळ औषध असतं ते लिहा: टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, डापाग्लिफ्लोझिन, असं. सोबत पाकिटाचा फोटो. कोणत्याही डॉक्टरांकडे, राज्य कुठलंही असो, पहिल्यांदा हे पान उघडून दाखवा. एकच मूळ नाव दोनदा आलं तर दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा.

खूण गोळी गिळल्यावर करायची, घंटा वाजल्यावर नाही. घंटा बंद करायला म्हणून "घेतली" दाबून टाकणारे खूप. ॲपमध्ये महिनाभर हिरव्या खुणा आणि डब्यात पंधरा गोळ्या शिल्लक!

लघवी जास्त करणारी पाण्याची गोळी लोक प्रवासाच्या दिवशी हमखास चुकवतात. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. त्यामुळे मावश्या आता बेळगावला एकट्याही तपासणीला जातात, ही चांगली गोष्ट. पण बस मध्ये थांबत नाही आणि उतरल्यावर धड जागा सापडत नाही, म्हणून गोळी घरी राहते. लाजू नका, डॉक्टरांना सरळ विचारा की त्या दिवशी गोळी पोहोचल्यावर किंवा परत आल्यावर घेतली तर चालेल का. बहुतेक वेळा वेळ बदलून मिळते. चुकवलेली असेल तर ॲपमध्ये तशीच चुकवलेली दिसू द्या.

गुडघ्यासाठी घेतलेली दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शनही नोंदवा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं अंगात मीठ-पाणी धरतात आणि हृदयाचा आजार बिघडवतात. रोपलावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दोन दिवस घेतलेल्या गोळ्या आणि चौथ्या दिवशी वाढलेलं वजन यांचा संबंध नोंद असली तरच दिसतो. आणि बरं वाटतंय म्हणून नाडी हळू करणारी गोळी (मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल अशी) एकदम बंद करू नका.

मीठ

ॲपमधला आहाराचा भाग मी उघडतच नाही. त्यात ओट्स असतात, सॅलड असतं, ज्वारीची भाकरी आणि झुणका नसतो. आपल्याकडे हिशेब डब्यावरून करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. तेवढं धरलं तरी चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम होतं. एक किलोची पिशवी महिना संपायच्या आत संपत असेल, तर कुठे जातं ते शोधा. पिशवीच्या बाहेरचं मीठ वेगळंच: लोणचं, पापड, सांडगी मिरची, बाजारातली चटणी, भडंग, फरसाण, बेकरीचे खारे टोस्ट, सुका बांगडा.

भाकरीत बहुतेक घरी मीठ नसतंच, ती आपली जमेची बाजू. घरभर अळणी स्वयंपाक केला की दोन दिवसांत भांडणं होतात. त्यापेक्षा आमटीत मीठ घालायच्या आधी रुग्णाची वाटी बाजूला काढा आणि तीत लिंबू, कोथिंबीर, लसूण, जिरं वाढवा. बाजारात मिळणारं "लो सोडियम" मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

गणपतीचे दिवस आपल्याकडे अवघड. घरोघरी जाणं, प्रत्येक घरी चहा आणि चिवडा. त्या दिवसांत वजनाची नोंद चुकवणारे जास्त आणि तीच गरजेची.

ॲप लाल झालं तर

वजन ठरलेल्या आकड्यापेक्षा वर गेलं, सूज चढली, उशी वाढली, रात्री श्वास कोंडून जाग आली, पण बसल्या जागी श्वास ठीक आहे: त्याच दिवशी, दुकानं बंद व्हायची वाट न बघता, ठरलेल्या नंबरवर फोन. फोनवर असं बोला: "नाव अमुक, पंपिंग तीस. कोरडं वजन ६१, आज ६३.५, तीन दिवसांत वाढलं. दोन उशा लागतात. पाण्याची गोळी एक चालू आहे." पलीकडे कन्नड बोलणारी सिस्टर असली तरी एवढं समजतं, आकडे आणि औषधांची नावं दोन्ही भाषांत तीच.

उलटी-जुलाब लागले, वजन भराभर उतरलं, उभं राहिल्यावर चक्कर येते, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली, तरीही फोन. वाढलेल्याची भीती सगळ्यांना असते, उतरलेल्याची कोणाला नसते. पाण्याच्या गोळ्या चालू असताना अंग कोरडं पडणंही धोक्याचं.

बसल्या जागी दम, आडवं होताच येत नाही, छातीत दुखतंय, ओठ निळसर, गुलाबी फेस येतोय, शुद्ध हरपतेय: ॲप बंद करा आणि १०८ लावा. सीमेलगतच्या गावांत फोन कधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन दुसऱ्या राज्यात लागू शकतो. १०८ कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही, म्हणून पहिल्या वाक्यातच राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने सांगा. रुग्णाला आडवं करू नका, पाठीला आधार देऊन बसवून ठेवा.

महिन्याभरानंतर

सुरुवातीला लोकांना ॲपने धीर येतो. "डॉक्टर लांब असले तरी कोणीतरी बघतंय असं वाटतं," असं एका विडी वळणाऱ्या मावशींनी मला सांगितलं, आणि बघणारी होती त्यांची नववीतली नात. मग दोन टोकं दिसतात. काही जण दिवसातून पाच वेळा काट्यावर चढतात. जेवल्यावर अर्धा किलो वाढला की रात्रभर झोप नाही. त्यांच्या घरी मी काटा सकाळनंतर कपाटावर ठेवायला सांगतो. दुसरे म्हणतात, "ॲप उघडलं की आजार आठवतो," आणि सोडून देतात. त्यांच्यावर जोर करण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी कॅलेंडरच्या चौकोनात पेनाने वजन लिहा, घरातल्या दुसऱ्याने महिन्यातून एकदा फोटो काढावा. माझ्या मते वजन आणि गोळ्या एवढं टिकलं तरी खूप झालं. चालण्याची पावलं, झोपेचे तास, मूडचे चेहरे हे सगळं बंद करून टाका.

एखादा दिवस चुकला तर मागचा आकडा अंदाजाने भरू नका. रिकामा राहू दे.

तपासणीला जाताना

ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी काही मिनिटं असतात. त्यात ॲप उघडायला, पासवर्ड आठवायला वेळ घालवू नका. आदल्या रात्री महिन्याचा वजनाचा आलेख, बीपीची यादी आणि गोळ्यांचं पान, एवढे तीन स्क्रीनशॉट काढून ठेवा किंवा छापून न्या. ज्या दिवशी वजन चढलं तिथे पेनाने कारण लिहा: लग्न, जुलाब, गोळी संपली होती. डॉक्टरांनी डोस बदलला तर दवाखान्याच्या बाकावर बसूनच ॲपमध्ये बदला आणि जुनी घंटा पुसून टाका. नाहीतर घरी दोन घंटा वाजतात, जुन्या डोसची आणि नव्या डोसची. नवं कोरडं वजन सांगितलं असेल तर कपाटाच्या दारावरचा कागदही बदला.

फोन बदलताना किंवा दुरुस्तीला टाकताना आधी नोंदी बाहेर काढून घ्या. "एक्स्पोर्ट" किंवा "बॅकअप" असं बटण सेटिंग्जमध्ये असतं. फाइल स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवली तरी चालते. दुकानदाराने फोन फॉरमॅट केल्यावर ॲप पुन्हा उतरवता येतं, मागचं वर्ष मात्र परत येत नाही.